पेवाच्या तोंडाशी

१

दुपारचं जेवण झालं की घटकाभर आडवं व्हायचं, ही सवय मला निजाम सरकारच्या नोकरीत लागली आणि पेन्शनीतही सुटली नाही. उन्हातान्हात घोडं दामटणाऱ्या पोलीस जमादाराला रात्रीची झोप मिळेलच असा भरवसा नसतो, म्हणून दुपारची सोडायची नाही. बायको विचारायची, "आणि तेवढ्यात दरोडा पडला म्हणजे?" मी म्हणायचो, दरोडेखोरही जेवणारी माणसं आहेत, तीही दुपारी झोपत असतील.

आज अंगणात नातवंडांचा गोंधळ चाललेला असतो आणि मी बाजेवर पडून तो ऐकतो. ज्यांनी ज्यांनी मला इथवर आणलं त्यांची नावं मी मनातल्या मनात घेतो. आई, बायको, माझा शिपाई गफूर, एकदा पुरातून मला पाठीवर घेऊन पोहत आलेलं ते म्हातारं घोडं. यादी फार लांब नाही. तिच्यात एक नाव असं आहे की त्या माणसाशी माझं जन्मात एक अक्षर बोलणं झालं नाही. त्याचे उपकार सगळ्यांत मोठे आहेत, आणि त्याची आठवण आली की भर दुपारी मला घाम फुटतो.

हैदराबादेत मुशीला मोठा पूर आला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गाव आष्टीजवळच्या कडा पेठेहून डोंगराच्या अंगाला जाताना लागतं. नाव सांगत नाही. त्या घरातली लेकरंबाळं अजून तिथंच नांदतात.

२

मोहनराव पाटलांचा धाकटा भाऊ राधाकिशन एका सकाळी घरातून निघाला तो परत आलाच नाही. गावाबाहेर पाटलांच्याच रानात धुळाजी नावाच्या धनगराच्या मेंढ्या खतासाठी बसवल्या होत्या. मेंढ्या कोंडायच्या जाळीपाशी राधाकिशनचा लाल कातड्याचा नवा जोडा सापडला. धुळाजीच्या घोंगडीवर रक्त सापडलं. धुळाजी म्हणाला, लांडग्यानं फाडलेलं मेंढरू खांद्यावर टाकून आणलं, त्याचं रक्त. मग ते मेंढरू कुठं आहे? तर कापून खाल्लं. मोहनरावांनी जबानी दिली की मळ्यातल्या कडवळात मेंढ्या घुसल्या म्हणून दोघांची जुंपली होती.

मुडदा मिळाला नव्हता. पण मागं बालाघाटाच्या दऱ्या, दऱ्यांत तरस आणि कोल्हे, तेव्हा मुडद्यासाठी कोणी अडून बसलं नाही. आष्टीच्या आमच्या अमीनसाहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या फौजदारांनी, खटला शिजवून ठेवला होता. मी फक्त पंचनामा पुरा करून आरोपी बीडला पोचवायचा होता.

मी चावडीत उतरलो. धुळाजीला तिथंच खांबाला साखळीनं बांधलं होतं. चाळिशीचा, हाडांचा सापळा, डोळे मात्र लेकरासारखे. मला बघून तो धडपडत उठला आणि पहिलंच वाक्य बोलला ते असं:

"जमादारसाब, बीडला न्हेऊन मला फाशी देत्याल का?"

"ते न्यायाधीश बघतील."

"देत्यालच," तो म्हणाला. "मला कोन इचारतंय. पर म्या न्हाई मारलं. राधाकिशनराव लई भला मानूस. त्येनं माझ्या पोरीच्या लग्नाला दोन पोती जवारी दिलती. म्या कशापायी मारीन त्येला?"

असं प्रत्येक आरोपी म्हणतो.

३

जेवण पाटलांच्या घरून यायचं. ऊन ऊन भाकरी, घट्ट पिठलं, ठेचा आणि वर लोण्याचा गोळा. ज्या घरातला माणूस बेपत्ता आहे त्या घरानं परक्या पोलिसाला इतकं निगुतीनं जेवू घालावं, याचं मला भरून आलं. नंतर कळलं, स्वयंपाक राधाकिशनची बायको केशरबाई करायची, आणि धुळाजीच्या वाट्याच्या भाकरीवरही तेवढाच लोण्याचा गोळा असायचा.

मुद्देमाल म्हणजे तो जोडा आणि रक्ताची घोंगडी. दोन्ही एका फडक्यात बांधून गफूरनं खुंटीला अडकवलं होतं. मी फरशीवर सतरंजी टाकली, मुंडासं उशाला घेतलं आणि झोपलो.

जागा झालो तो गफूरच्या ओरडण्यानं.

चावडीसमोर मोकळं आवार होतं आणि आवाराच्या मधोमध पाटलांचं पेव. ज्वारी साठवायला जमिनीत खणलेलं कोठार म्हणजे पेव. तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट घागरीसारखं फुगलेलं. तोंडावर शिळा होती आणि शिळेभोवती शेणामातीचा लिंपा. त्या लिंप्याला लागून राधाकिशनचा लाल जोडा ठेवलेला होता. दोन्ही शेजारी शेजारी, टाचा जुळवून, चवडे पेवाकडे.

"खुदा कसम, मी हात न्हाई लावला," गफूर म्हणाला. "मी घोड्याला पानी दाखवाया गेलतो."

फडकं खुंटीलाच होतं. घोंगडी आत होती. गाठही बसलेली होती.

मी गफूरला चार शब्द सुनावले. कोणीतरी टवाळकी केली असेल. चावडीला दार नाही, दुपारी गाव झोपलेलं. धुळाजीकडे बघितलं तर तो पाय पोटाशी घेऊन बसला होता.

"तू बघितलंस कोणाला?"

"माझ्याकडं बघू नका साब, म्या बांधलेला हाय."

"कोण आलं ते बघितलंस का, एवढंच विचारतो."

"जोडा भायेर जाताना बघितला," तो म्हणाला. "न्हेणारा न्हाई दिसला."

मी हसलो. हसण्यासारखंच होतं ते.

४

दुसऱ्या दिवशी मी ते फडकं स्वतः बांधलं. गाठीवर गाठ मारली आणि पोलिसी अक्कल चालवून ते गाठोडंच उशाला घेतलं. गफूरला ओट्यावर बसवलं. उन्हाचा तडाखा असा होता की आवारातली कुत्रीसुद्धा सावलीला गेली होती. झोपायचं नाही असं ठरवलं होतं, पण पिठल्यानं घात केला.

आवाजानं डोळा उघडला. चावडी शांत होती. धुळाजी खांबाला टेकून घोरत होता, गफूरची पाठ ओट्यावर दिसत होती. आवाज माझ्या कानाखालून येत होता. फरशीच्याही खालून.

करर. मग थांबणं. मग पुन्हा करर.

धान्याच्या राशीत अनवाणी पायानं चाललं की असा आवाज होतो. खळ्यावर ज्याचं बालपण गेलं त्याला तो ओळखू येतो. पाय आत रुततो, दाणे सरकतात, मग माणूस दुसरा पाय काढतो. कोणीतरी थोडं चालत होतं, थांबत होतं, वळत होतं. एवढ्याशा जागेत येरझारा घालत होतं.

उंदीर, मी स्वतःला समजावलं. घूस असेल. उन्हानं फरशी फुगते तिचाही आवाज होतो. मी कान फरशीला लावला तर फरशी गार लागली, आणि आवाज थांबला. खालचाही कान लावून ऐकत असावा, असं उगाच मनात आलं, आणि मी ताडकन उठून बसलो.

उशाचं गाठोडं चपटं झालं होतं. गाठी होत्या तशाच होत्या. आत घोंगडी होती, जोडा नव्हता. ओट्यावर जाऊन बघितलं. गफूर टक्क जागा होता, त्याची नजर समोर लागली होती आणि बोटं तसबीच्या मण्यांवर थांबली होती.

जोडा पेवाच्या तोंडाशी होता. टाचा जुळवून, चवडे आत.

"गफूर, कोण गेलं इथनं?"

"कोई नहीं," तो हळूच म्हणाला. "मी डोळा मिटला न्हाई, जमादारसाब. पापनी लवली आन् त्यो तिथं हुता."

५

भीती वाटली. भीती वाटली की मी विचार करतो, माझी तीच एक पद्धत आहे.

ओट्यावर बसून मी त्या जोड्याकडे बघत राहिलो. माणूस आपला जोडा असा काढून कुठं ठेवतो? देवळाबाहेर. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. आणि जिथं धान्य आहे तिथं. आमच्या मुलखात खळ्यावर चोर शिरला तरी पायताण काढून शिरेल. लक्ष्मीवर पाय देताना तो अनवाणीच असायला हवा. पेवात उतरणारा तर जोडा तोंडाशीच काढणार.

मग पंचनामा आठवला. मेंढ्यांच्या जाळीपाशी जोडा सापडला तो कसा? पंचांनी सांगितलं होतं, शेजारी शेजारी, नीट ठेवलेला. तेव्हा माझं लक्ष गेलं नव्हतं. ज्याचा मुडदा पाडला जातो त्याचा एक जोडा इकडं आणि एक तिकडं जातो. मारताना कोणी जोडे जुळवत बसत नाही. पण पेवाच्या तोंडाशी काढलेला जोडा उचलून कोणी तिथं नेऊन टाकला असेल तर? घरंदाज माणूस असेल तर त्याला तो टाकता यायचा नाही. जोडा उलटा पडला की घरात भांडण होतं, हे आपल्या हाडीमासी भिनलेलं असतं. जोडा वाकडा पडलेला दिसला की येताजाता आपण तो सरळ करतो. भावाचा जीव घेतलेल्या हातांनीही तो सरळ केला असेल, जुळवून ठेवला असेल, आणि आपण काय केलं हे त्याच्या ध्यानातही आलं नसेल.

मी पेवापाशी गेलो. लिंप्यातला भुसा अजून पिवळाधमक होता. आठवड्यापलीकडचा असता तर उन्हानं पांढरा पडला असता; म्हणजे राधाकिशन नाहीसा झाला त्याच सुमाराचा.

तेवढ्यात मागं बांगड्या वाजल्या. केशरबाई उभी होती. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, कपाळावर कुंकू. पाटलाची सून भर दुपारी एकटी चावडीसमोर आली म्हणजे तिनं किती मनाचा हिय्या केला असेल.

"धुळाजीला न्हेऊ नका," ती म्हणाली. "त्येनं न्हाई केलं. मालक त्या सकाळी रानात गेलेच न्हाईत. वाटणीवरनं थोरल्यांचं आन् त्येंचं चाललं व्हतं. मंग थोरल्यांनी हाक मारली, आन् दोघं संगं चावडीकडं आले."

"हे जबानीत का नाही सांगितलंत?"

"कुनी इचारलं मला?"

मी तिला हात जोडले.

६

मोहनराव आले. धिप्पाड गडी, मिशीला पीळ, बोलणं गोड. पेव उघडायचं म्हटल्यावर आधी म्हणाले, कशाला त्रास घेता. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. आणि त्यानंतर एकदम फार मदतीला आले. स्वतः पहार आणवली, स्वतः लिंपा फोडला, गड्यांना शिळा सरकवायला लावली. गाव गोळा झालं होतं. धुळाजी खांबापाशी उभा राहून मान लांब करून बघत होता. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि खरं तर पणाला लागलेला जीव त्याचा होता.

पेवातून आंबूस वास आला. तो पेवाला नेहमीच येतो. सूर्य डोक्यावरून जेमतेम कलला होता. आत उन्हाचा एक गोल पडला होता, त्या गोलात जुनी काळसर ज्वारी. बाकी पोट अंधारात.

"रिकामंच म्हना की," मोहनराव म्हणाले. "मागची खाली थोडी ऱ्हायलीय. तोंड उघडं ठेवून लई दिस हवा खेळवली, मंग जनावर पडू नाई म्हनून झाकलं. खुशाल उतरा, साब. बघून घ्या म्हंजी मनाचं समाधान."

नवं उघडलेलं पेव माणूस मारतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आत विषारी हवा धरते. आधी कंदील सोडायचा, तो जळत राहिला तरच माणूस सोडायचा. पण पाटील इतक्या सहज बोलला, आणि गावासमोर आपण भ्यालो असं दिसू नये हाही एक मूर्खपणा माझ्यात होताच. मी जोडा काढला, तोंडाशी ठेवला. काठावर बसलो आणि दोन्ही पाय आत सोडले. हात कडेला टेकले, अंग खाली सोडणार, तोच माझ्या उजव्या तळपायाला हात लागला.

सबंध तळवा होता. पाच बोटं. टाचेखाली आणि चवड्याखाली तो नीट बसला, आणि त्यानं माझा पाय वर ढकलला. झटका नव्हता त्यात. झाडावर चढणाऱ्या पोराला खालून आधार द्यावा तसा. मग दुसऱ्या पायाखालीही एक हात आला.

मी खाली बघितलं. माझ्या पायांखाली ऊन होतं आणि खूप खाली ज्वारी होती. ज्वारीत एक पाऊल उमटलेलं होतं, आणि त्या खळग्यात बाजूचे दाणे अजून ओघळत होते.

मी बाहेर कसा आलो ते आठवत नाही. गफूर सांगतो, मी बसलो होतो तिथून कोणी वर फेकावं तसा मागं पडलो.

"कंदील," मी म्हणालो.

कंदील दोरीला बांधून सोडला. तोंडापासून हातभर खाली गेला नाही तोच ज्योत गपकन विझली. पुन्हा लावला, पुन्हा विझली. मी उतरलो असतो तर दुसरा श्वास घ्यायला उरलो नसतो.

मी वळून मोहनरावांकडे बघितलं. ते मातीत फतकल मारून बसले होते. मिशीचा पीळ सुटल्यासारखा चेहरा झाला होता.

"त्येलाबी मी ह्येच सांगितलं व्हतं," ते म्हणाले. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "हवा खेळवलीय म्हनून. ह्येच शब्द."

७

हवा पालटायला फार वेळ लागला. तोवर मी दाढीच्या आरशानं आत ऊन पाडून बघितलं. अंधाऱ्या बाजूला, पार भिंतीच्या पोटाशी, माणसाची एक टाच दिसली. मी आरसा फिरवला, त्याहून जास्त बघावंसं वाटलं नाही.

कंदील तळापर्यंत जळत राहिल्यावर गडी उतरले आणि राधाकिशनला वर काढलं. तो पालथा पडला होता, दोन्ही हात छातीखाली दुमडलेले. त्या जागेपासून पेवाचं तोंड एका उंच माणसानं हात वर केला तरी पोचणार नाही एवढं वर होतं, आणि तो तर बाजूला, भिंतीशी. ज्वारीत उमटलेली पावलं त्याच्यापासून तोंडाच्या बरोबर खालपर्यंत गेली होती. परत गेलेली नव्हती. गड्यांना ती दिसली की नाही, मी विचारलं नाही.

बुद्धी आपलं काम करते. ती म्हणते, खालून वाफ आली असेल, कडेचा दगड तापलेला असेल, तू घाबरलेला होतास. तिचं मी ऐकून घेतो. तीही माझीच आहे.

धुळाजीची साखळी मी माझ्या हातानं सोडली. पाय मोकळा झाल्यावरही तो बराच वेळ तसाच एका जागी उभा राहिला, मग माझ्या पाया पडू लागला.

"माझ्या नको," मी म्हणालो आणि पेवाकडे बोट केलं. "तिकडं पड."

तो गेला, आणि पेवाच्या तोंडाशी कपाळ टेकून लेकरासारखा रडला. मोहनरावांना बीडला नेताना तो गावाच्या शिवेपर्यंत आमच्या घोड्यांमागं चालत आला. एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही.

८

निघण्याआधी मी पाटलांच्या दारी गेलो. केशरबाई ओसरीवर बसली होती. कपाळ मोकळं झालं होतं. डोळे कोरडे. मांडीवर वर्षा-दीड वर्षाची मुलगी झोपली होती. आसपास कोणी नाही असं बघून मी तिला सगळं सांगितलं. अमीनसाहेबांना जे सांगितलं नाही, बायकोला जे पुढं कित्येक वर्षं सांगितलं नाही, ते. तिचा तेवढा हक्क होता असं मला वाटलं. मी म्हणालो, "बाई, मी तुमच्या माणसाचा देणेकरी आहे. माझी लेकरं त्यांची देणेकरी आहेत."

तिनं ऐकून घेतलं. आणि एकच विचारलं.

"हात कसा व्हता? गार व्हता का?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं टाळत होतो. त्याचं उत्तर ज्या क्षणी मला कळलं होतं, त्याच क्षणी माझी पाचावर धारण बसली होती. खोटं सांगता आलं असतं, पण तिच्यापुढं जीभ वळेना.

"नाही," मी म्हणालो. "ऊन होता."

केशरबाईचे डोळे भरून आले. मुडदा बाहेर काढला तेव्हा ती रडली नव्हती, ती आता रडली. मांडीवरच्या लेकीचे दोन्ही पाय तिनं ओंजळीत घेतले.

"मंग त्येच," ती म्हणाली. "थंडीत हिचे पाय ते असेच धरून बसायचे. म्हनायचे, माझे हात कधी गार पडत न्हाईत."